मामी, तुमचं नाव निरोगी गटात आहे

प्रिय मामी,

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मला तुमच्यासमोर मोकळेपणी बोलता येत नव्हतं, त्यामुळे आपल्या सासू-सुनेत पत्राची वेळ कधी आलीच नाही. आता तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि मी आपल्या पिंकीच्या शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. बसले कसली! दोन ओळी लिहिते, उठते, शेळ्यांना पाणी दाखवून येते, परत बसते. आज सकाळपासून असंच चाललंय. मंगळवारपासून माझं कामात लक्ष लागत नाही आणि रिकामं बसवत नाही.

उद्या सोमवार. उद्या मला हिंगोलीला डॉक्टर मॅडमपुढे उभं राहायचं आहे, आणि तिथे काय बोलणार ते आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं पाऊल उचलणार नाही.

मंगळवारी मी तुमची हाडं पाहिली, मामी.

दचकू नका, नीट सांगते. आमच्या कामाची बैठक होती. ‘रंजीचं सांध्याचं सर्वे’ म्हणायचात ना तुम्ही, तेच. मी किती वेळा सांगितलं की तो नुसता सर्वे नाही, संशोधन आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या मॅडम आपल्या भागातल्या बायकांचे सांधे का सुजतात, बोटं का वाकतात ते शोधताहेत, आणि आम्ही पाचजणी गावोगाव फिरून त्यांचे फॉर्म भरतो. तुम्ही मान हलवायचात आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायचात, “आमची रंजी गुडघे मोजाया जाती.”

तर बैठकीत मॅडमनी लॅपटॉपवर एका हाताचा एक्स-रे लावला. नाव झाकलेलं होतं, नुसता नंबर. म्हणाल्या, “हा हात बघा. बोटांच्या सांध्यांपाशी हाड कुरतडलंय. मनगटाची हाडं एकमेकांना चिकटायला आलीत. वर्षानुवर्षं अंगावर काढलेला आमवात आहे हा. आणि नंबर कुठला, तर आपल्या निरोगी गटातला!”

बाकीच्या चौघी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण त्या काळ्या फोटोत मनगटावर एक जाड पांढरं कडं चमकत होतं. तुमचा चांदीचा गोठ! एक्स-रे काढणाऱ्या माणसानं तो काढायला सांगितला होता, साबण लावून पाहिला होता, आणि तुम्ही त्याला झापलं होतं, “माह्या मायचा हाय तो. सरणावरच निघंल.” मी बाजूला उभी राहून हसत होते. मामी हट्टी आहेत, एवढंच मला समजलं. मनगट सुजलंय, गोठ निघूच शकत नाही, हे या संशोधनवाल्या बाईच्या ध्यानात आलं नाही!

मॅडम म्हणाल्या, “फॉर्म भरताना कुणाची तरी चूक झाली असेल. एखादा नंबर असा निघतोच. काढून टाकू.” आणि पुढचा फोटो लावला. मी तोंड उघडलं नाही. त्यावेळीच बोलले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुमच्या अस्थी तुमच्या लेकानं सिद्धेश्वरला पूर्णेत सोडल्या. मला वाटलं होतं, तुमचं जे काही होतं ते पाण्यात गेलं. पण तुमच्या हाताचा फोटो तिकडे आहे. तुमचं रक्तही आहे, सगळ्या बायकांचं एकदमच तपासायचं म्हणून गोठवून ठेवलेलं. आणि त्या सगळ्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘तक्रार नाही’.

ते कसं लिहिलं गेलं ते तुम्हालाही आठवत असेल. दुखणाऱ्या बायका मला भरपूर मिळाल्या होत्या. अडलं होतं निरोगी गटापाशी. मॅडम म्हणायच्या, आजारी हाड ओळखायचं तर त्याच्या शेजारी त्याच वयाचं चांगलं हाड ठेवावं लागतं, तेव्हा फरक कळतो. आता पन्नाशी-साठीची, शेतात राबलेली आणि कुठेच न दुखणारी बाई मी आणू कुठून? मी जेवताना कुरकुर करत होते. तुम्ही भाकरी थापत होतात, तळव्याच्या मनगटाकडच्या बाजूनं, बोटं न लावता. (हे मला आत्ता आठवतंय!) आणि तुम्ही म्हणालात, “मला काय झालंय? मला धर की.”

घरचं माणूस घ्यायचं नाही, असा आमचा नियम होता. मी तो तुम्हाला सांगितला. तुम्ही म्हणालात, “मग शेजारचा घर नंबर टाक. कोन बघाया येतंय?” आणि मी टाकला, मामी. तुम्ही सुचवलंत हे खरं, पण पेन माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी तुम्हाला एकेक प्रश्न विचारला. गुडघे दुखतात का? न्हाई. बोटांना सूज? न्हाई. दुखण्यावर गोळ्या घेता का? “मी काहून गोळ्या खाऊ?” तुम्ही इतक्या तोऱ्यात म्हणालात की मला कौतुक वाटलं. मग संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायचा होता. तो पॅडवर सरळ बसेना. दोन ठसे पुसट आले. तिसऱ्या वेळी मी तुमचा अंगठा धरला आणि जोर देऊन दाबला.

तुम्ही साधं ‘आई गं’ म्हणाला असतात तरी चाललं असतं! नुसता श्वास रोखलात. ठसा छान उमटला, म्हणून मी खूश. आता झोपेत पण तो अंगठा माझ्या चिमटीत येतो.

तुमच्यावर मला राग आहे, तोही आज बोलून टाकते. तुम्ही पहाटे चारला उठायचात. मी साडेपाचला बाहेर यायचे तोवर अंगण झाडून झालेलं, शेळ्यांपुढे पाला पडलेला. मला वाटायचं, ही मला लाजवायला उठते. माहेरी फोन करून मी हेच सांगायचे. पाच वर्षं मी तुमच्यावर मनातल्या मनात चिडत राहिले. बुधवारी पिंकी सहज बोलून गेली, “आजी पहाटे गरम पाण्यात हात बुडवून बसायची. आईला सांगू नको म्हणायची, तिची झोपमोड होते.” किती वेळ बसायची, मी विचारलं. “अंगणात कोंबडे ओरडून गप्प होईपर्यंत.”

आमच्या फॉर्मवर सातवा प्रश्न आहे: सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? या आजाराचा माग त्यावरून लागतो. तो प्रश्न मी किती घरांत विचारला, आणि भिंतीपलीकडे माझी सासू गरम पाण्यात हात घालून बोटं उघडायची वाट बघत होती.

आणि चष्मा! पिंकीची वेणी घालायची तुम्ही बंद केलीत आणि म्हणालात, मला बारीक दिसत न्हाई आता, तूच घाल. आम्ही डोळ्यांच्या शिबिरातून चष्मा आणला. तुम्ही तो मरेपर्यंत घातलात! त्या चष्म्यातून तुम्हाला धड दिसत तरी होतं का? एकदा मी पाहिलं, तुम्ही अंगठा मुडपून धार काढत होतात. मी म्हणाले, “मामी, ही कोणती नवी पद्धत?” तुम्ही म्हणालात, “शेळीला अशीच आवडती.” आम्ही दोघी हसलो. शेळी लाथा झाडत होती ते आपण दोघींनी पाहिलं आणि दोघींनी सोडून दिलं.

नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही बेशुद्ध होतात तेव्हाचं तर तुम्हाला माहीतच नाही. तिथल्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं. किडन्या गेल्यात म्हणाले. रोज दुखण्याच्या गोळ्या खात होत्या का? आणि मी, पाहा तुमची हुशार सून, छातीठोकपणे सांगितलं, “नाही हो डॉक्टर, त्यांना कुठलंच दुखणं नव्हतं. आमच्या संशोधनात त्या निरोगी गटात आहेत.”

दहावा झाल्यावर शेळ्यांना ढेप काढायला डबा उघडला तर ढेपीच्या खाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. मूठभर नाही मामी, ओंजळी भरभरून. मी त्या कुणाला दाखवल्या नाहीत. चुलीत घातल्या आणि वास जाईपर्यंत दार उघडं ठेवलं. म्हणजे मंगळवारच्या आधीपासून मला माहीत होतं. एक्स-रेनं मला पकडलं, एवढंच.

काल रात्री जेवल्यावर मी तुमच्या लेकाला सगळं सांगितलं. फाट्यावरचं टायरचं दुकान बंद करून तो उशिराच आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माय गेली. आता काहून उकरून राहिलीस? मॅडम म्हणल्या ना नंबर काढून टाकू, मग टाकू दे की.”

मी म्हणाले, “चूक माझी हाय.”

“तुही कशानं? मायनं सोताच्या तोंडानं सांगितलं न्हवं, मला काई न्हाई म्हून? तुह्यासाठी सांगितलं. तुहं काम अडलं म्हून. आता तिला लोकायपुढं खोटी पाडतीस का? आन् नोकरी गेली तर?”

नोकरीचं सोडा, ती जाईलच बहुतेक. घर नंबर खोटा टाकणाऱ्या बाईला कोण ठेवेल? पण तुम्ही माझ्यासाठी जे झाकलंत ते मी उघडं करायचं, हा तुमचा अपमान होतो का? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? “गप बस, रंजे, झालं ते झालं,” असंच ना?

पण मी गप्प बसू शकत नाही, आणि त्याचं कारण साखरा गावात आहे.

तिथल्या गयाबाईंचा फॉर्म मी मागच्या वर्षी भरला होता, तोही निरोगी गटातच. मंगळवारनंतर मला त्यांचा चेहरा सारखा दिसू लागला. शुक्रवारी रजा टाकली, हिंगोलीला एसटी बदलून साखऱ्याला गेले. गयाबाईंनी चहा ठेवला. मी विचारलं, “तब्येत कशी हाय?” “बेस हाय की, बाई.” हातपाय? “बराबर हायत.” मागच्या वर्षी अगदी हेच झालं होतं, आणि मी ‘तक्रार नाही’ लिहून फॉर्म बंद केला होता.

चहा झाला. मी उठले, उंबऱ्याबाहेर येऊन चपला घालू लागले. गयाबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, सकाळी हात उघडतच न्हाईत बगा माहे. नातीला वेणी घालता येत न्हाई.”

मामी, मागच्या वर्षीही त्या दारात हेच काहीतरी बोलल्या होत्या! मला आठवलं. मी तेव्हा “दवाखान्यात दाखवा” म्हणाले होते आणि एसटी गाठायला पळाले होते, कारण फॉर्म तर पिशवीत गेला होता.

या वेळी मी एका पायात चप्पल असताना तिथेच कागद बाहेर काढला. त्या चकित झाल्या. “ह्ये बी लिवून घेता व्हय?”

“हेच लिहायचं असतं. मघाशी काहून न्हाई सांगितलं?”

“तुमी चहा पिऊन राहिल्या होत्या. पाव्हण्याच्या चहावर कोन दुखणं सांगतंय?”

मी तिथे दगडावर बसून राहिले. आपल्याकडे असंच आहे, मामी, आणि मी याच मातीतली असून मला ते कागदावर घेता आलं नाही. घरात आलेल्या माणसाला सगळं बरं हाय म्हणायचं. दुखणं सांगायचं ते निरोप देताना, ओट्यावर, अर्धं वळून, जाणाऱ्याला वाटलं तर ऐकेल अशा बेतानं. आमच्या फॉर्मवर त्याला जागाच नव्हती. आम्ही पाचजणी घरात बसून विचारायचो, घरातच सही-अंगठा घ्यायचो, आणि खरं बोलणं सुरू व्हायचं तेव्हा चपला शोधत असायचो.

गयाबाईंच्या दारातून निघून मी आणखी दोन घरी गेले. दोन्हीकडे तसंच. आत बरं हाय, बाहेर रड.

आता सांगा, कसं गप्प बसू? मॅडम तुमचा एक नंबर काढून टाकतील आणि बाकीच्या गयाबाया निरोगी म्हणून तशाच राहतील. मग दोन्ही गटांतली हाडं सारखीच दिसतील, आणि कुणीतरी निष्कर्ष काढेल की आपल्या भागात या वयाच्या बाईचं हे असंच असतं, त्यात आजार काही नाही. मॅडमनीच आम्हाला शिकवलंय की हा आजार वेळेवर सापडला, बरोबर औषध सुरू झालं, तर बोटं वाचतात. गयाबाईंची बोटं अजून सरळ आहेत, मामी. मी पाहून आले.

तुमच्या लेकाला आज दुपारी मी हेच सांगितलं. तो उठला, ट्रंकेतून तुमचा गोठ काढून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. शेवटच्या दिवशी कापून काढावा लागला होता तो, आठवतं का... तुम्हाला कसं आठवेल! म्हणाला, “मॅडमला दाखव. फोटूत हाय त्योच ह्यो, म्हनावं.” एवढं बोलून बाहेर निघून गेला.

एक गोष्ट राहिली. इथवर मी तीच टाळत आले.

तुम्ही आजारी पडायच्या महिनाभर आधी, एका सकाळी, मी गाडी काढत होते. तुम्ही ओसरीवरून उतरून माझ्यामागे फाटकापर्यंत आलात. कधी येत नव्हतात. गोठ घातलेला हात फाटकावर ठेवलात आणि म्हणालात, “रंजे, जरा…” गाडी चालू होती. ती मी बंदसुद्धा केली नाही. म्हणाले, “मामी, उशीर होऊन राहिला, संध्याकाळी सांगा.” संध्याकाळी मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. घरात कशा सांगाल? तुमच्याजवळ सांगायची जागा एकच होती, आणि तिथे तुम्ही आला होतात.

काय सांगायचं होतं, मामी? गोळ्या पुरेनाशा झाल्या होत्या का? की शेळीचंच काहीतरी होतं? ते मला या जन्मात कळणार नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

तर उद्याचं असं. मी मॅडमना घर नंबरासकट सगळं सांगणार. हा नंबर पुसू नका, ही बाई चूक नव्हती, आजारी होती, असं म्हणणार. नियमात बसतं की नाही ते त्या बघतील. मी भरलेले सगळे निरोगी फॉर्म परत मागणार आणि त्या प्रत्येक घरी पुन्हा जाणार. नोकरी राहिली तर पगारावर, नाही तर तुमच्या शेळ्यांच्या दुधावर. चहा पिऊन होईपर्यंत कागद काढणार नाही. चपला घालून ओट्यावर उभी राहीन, आणि बाई जेव्हा ‘जरा’ म्हणेल तेव्हा लिहायला सुरुवात करीन. हा माझा शब्द आहे, मामी. आणि कुणाचा अंगठा मी दाबून घेणार नाही.

उद्या सकाळी निघताना मी फाटकात थांबणार आहे. तिथे कुणी येणार नाही, माहीत आहे मला. तरी गाडी बंद करून थांबणार आहे.

तुमची सून,
रंजना
(तुमची रंजी)